स्पायडरमॅन, व्हेनम अन् बांधावरचे चुलतभाऊ
हिरोनं गुन्हेगाराशी हात मिळवला की तो बाटला म्हणताय, पटलं नाही ब्वा. १९९२ ला कॉमिक्समधी कार्नेज नावाचा खुनी खलनायक माणसं मारत सुटला तवा स्पायडरमॅन स्वतःच गेला की व्हेनमकडं, आपल्या जुन्या वैऱ्याकडं, अन् स्पायडरमॅनला धोक्याची जी आधीच चाहूल लागती ना ती व्हेनमपुढं चालतच नाही, म्हंजे पाठीत कधी पंजा बसंल पत्ता नाही तरी सोबतच लढायचं! आमच्या औशाकडं बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ सोयाबीनमधी रानडुकरं घुसली की एकाच बॅटरीवर रात्रभर राखण करतेत, बोलत नाहीत, निस्तं खाकरतेत. पण काम झाल्यावर व्हेनमला फॅन्टॅस्टिक फोर ह्या दुसऱ्या हिरोंच्या टोळीच्या हवाली केलं ते मात्र लई खटकलं, सोडून द्यायचा शब्द दिलता की राव.