मदत हवी आहे: भारतीय रोइंगची कालरेषा, आकडे जुळत नाहीत

प्रश्नकर्ता: नमस्कार. प्रदर्शनातल्या एका तक्त्यासाठी भारतीय रोइंगची (वल्ह्यांच्या शर्यतींची) १९८२ पासूनची कालरेषा करतोय. तीन ठिकाणी अडलोय. कात्रणांनुसार हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'नौकानयना'ची पदकं कुठे पाच, तर कुठे आठ. बलराज पंवार पॅरिस ऑलिंपिकला शेवटच्या शर्यतीत पाचवा आला, मग क्रमांक २३वा कसा? आणि वेळांचा आलेख काढून प्रगती दाखवता येईल का?

वल्हं_आणि_पाणी: पहिला घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे वल्ह्यांच्या शर्यतीलाही नौकानयन म्हणतात आणि शिडाच्या होड्यांनाही. हांगझोऊत रोइंगची पाच पदकं: अर्जुनलाल जाट-अरविंद सिंग यांचं लाइटवेट (कमी वजनगटातल्या) डबल स्कल्समधलं रौप्य, पुरुषांच्या एटचं (आठ जणांचं) रौप्य, आणि पेअर (दोघं), फोर (चौघं) व क्वाड्रपल स्कल्सची (हेही चौघं) कांस्यं. उरलेली तीन शिडाची. नेहा ठाकूरचं रौप्य त्यातलंच. तक्त्यावर सरळ 'रोइंग' लिहा.

स्कल्स असेल तर प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, पेअर-फोर-एटमध्ये एकेकच. चौघं दिसले की 'फोर' लिहून टाकू नका. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला सुवर्ण मिळालं ते क्वाड्रपल स्कल्सचं: सवर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश, सुखमीत सिंग, वेळ ६:१७.१३. आदल्याच दिवशी तापाने बेजार दत्तू सिंगल स्कल्सच्या फायनलमध्ये शेवटचा आला होता. ही ओळ तक्त्यात हवीच, नाहीतर त्या सुवर्णाचं मोल कळणार नाही.

लेन_चार: क्रमांकाचं गणित सोपं आहे. प्रत्येक फायनलमध्ये सहा होड्या. ए फायनलला १ ते ६, बी ला ७ ते १२, सी ला १३ ते १८, डी ला १९ ते २४. बलराज डी मध्ये पाचवा, म्हणून २३वा. दत्तूने रिओत सी फायनल जिंकली, म्हणून १३वा. अर्जुनलाल-अरविंद टोकियोत बी मध्ये पाचवे, म्हणून ११वे. ऑलिंपिकमधली भारताची सर्वोत्तम कामगिरी हीच. 'फायनल जिंकली' एवढंच छापलंत तर वाचणाऱ्याला पदक आलं असं वाटेल. फायनलचं अक्षर सोबत हवंच.

वल्हं_आणि_पाणी: वेळांचा आलेख नको. पाठवारा असला की त्याच होडीची वेळ २००० मीटरमध्ये कित्येक सेकंदांनी उतरते, समोरचा वारा असला की चढते. शिवाय होडीचा प्रकार बदलला की तुलनाच संपली. दत्तूचे रिओतले ६:५४.९६ एकट्याचे, टोकियोचे ६:२९.६६ दोघांचे. २०२८ च्या ऑलिंपिकला लाँग बीचचं अंतरच १५०० मीटर असणार आहे. आलेख काढायचाच तर क्रमांकांचा काढा, आणि प्रत्येक प्रकाराचा वेगळा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. ऑलिंपिकची यादी सिडनीपासून धरू ना? आणि लाइटवेटला वेगळी ओळ लागेल का?

लेन_चार: हो, सिडनी २०००, कासम खान आणि इंदरपाल सिंग, पेअर. पण आशियाई स्पर्धेची ओळ १९८२ पासूनच. रोइंग त्यात पहिल्यांदा आलं ते दिल्लीच्या खेळांत, आणि शर्यती जयपूरजवळच्या रामगड तलावावर झाल्या. २०१० ला ग्वांगझूमध्ये बजरंगलाल ताखर, सिंगल स्कल्स, आशियाई स्पर्धेतलं रोइंगमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. २००६ ला दोह्यात त्यांचंच रौप्य.

लाइटवेटला वेगळी ओळ लागेलच, माझ्या मते ती ठळक रंगात हवी. पुरुषांत एकाचं वजन जास्तीत जास्त ७२.५ किलो आणि जोडीची सरासरी ७०. शर्यतीआधी एक ते दोन तासांत वजन होतं. बीजिंग, लंडन, टोकियो तिन्हीकडे भारताची लाइटवेट डबल होती. पॅरिसनंतर हा गट ऑलिंपिकमधून गेला. ती ओळ २०२४ ला थांबवा आणि टोकाला कारण लिहा, नाहीतर पुढे रिकामी जागा दिसली की भारतच मागे पडला असा अर्थ निघेल.