55 टक्के रोख्यांना, कराला नाही

एकांनी लिहिलंय की कॅलिफोर्नियात शाळेच्या करासाठी आता 55 टक्के मतं पुरतात. थोडी गल्लत होतेय. 55 टक्के लागतात ते रोख्यांसाठी, म्हणजे इमारती, प्रयोगशाळा, गळकी छपरं यांसाठी काढलेल्या कर्जासाठी. ती सवलत 2000 च्या प्रपोझिशन 39 ने (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) आली. पण त्या पैशातून शिक्षकाचा पगार देता येत नाही.

पगारासाठी, वाचनालयासाठी, समुपदेशकासाठी जादा स्थानिक पैसा हवा असेल तर स्कूल डिस्ट्रिक्टला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) पार्सल टॅक्स, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक प्लॉटवरचा कर, लावावा लागतो आणि तिथे 1978 च्या प्रपोझिशन 13 पासून दोन तृतीयांशची अट आहे. म्हणजे एक 'नाही' खोडायला दोन 'हो' हवेत. गंमत अशी, की प्रपोझिशन 13 स्वतः सुमारे 65 टक्क्यांनीच पास झालं. स्वतःच घातलेल्या अटीत नापास! 39 चंही तेच, 53 टक्क्यांच्या आसपास.

आमच्या घरपट्टीच्या बिलात खाली शाळेची एक वेगळी ओळ असते. शेजारच्या मोठ्या बंगल्याला जेवढी, तेवढीच आमच्या छोट्या टाउनहाउसला, कारण हा कर बहुतेक ठिकाणी किमतीवर नसून प्लॉटमागे ठरावीक असतो. माझा आक्षेप टक्क्यांपेक्षा यावर जास्त आहे. 65 वर्षांवरच्यांना बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये माफी मिळते, तीही अर्ज केला तरच.

आणि आपल्यातले ग्रीन कार्डवाले? घरपट्टीचे डिसेंबर आणि एप्रिलचे हप्ते इमानेइतबारे भरतात, मुलं त्याच शाळेत, पण या प्रस्तावांवर मत नाही. उंबरठा 55 करा नाहीतर 66, त्यांना काय फरक पडतो?