इन्स्टॉल अडकलं की आधी अनचेकी उडवायचं का?

निळी शाई
गेल्या आठवड्यात बाबांच्या लॅपटॉपवर एक फुकट व्हिडिओ कन्व्हर्टर टाकत होते. हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली ती थांबलीच. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला, "ते अनचेकी आधी काढून टाका." मी काढलं नाही, आणि कोणी काढू नये असं माझं ठाम मत आहे.

अनचेकी हे २०१३ साली आलेलं छोटं सॉफ्टवेअर दोन कामं करतं. इन्स्टॉलर उघडला की टूलबार, ब्राउझर असल्या लादलेल्या गोष्टींपुढच्या चौकटीतली टीक (होकाराची खूण) काढतं आणि चुकून 'ॲक्सेप्ट' दाबायला गेलात तर टोकतं. शिवाय विंडोजच्या होस्ट्स फाइलीत, म्हणजे कुठला सर्व्हर कुठल्या पत्त्यावर शोधायचा त्या यादीत, ओळी घालून ओपनकँडीसारख्या जाहिरातवाल्या सर्व्हरना ०.०.०.० हा पत्ता देतं, म्हणजे तिथवर कोणी पोचतच नाही. आमचा कन्व्हर्टर अशाच बंद दारापाशी खोळंबला होता. अनचेकीच्या सेटिंग्जमध्ये होस्ट्सचे नियम न वापरण्याचा पर्याय आहे. तो निवडला, इन्स्टॉलर पुन्हा चालवला, पट्टी सरकली. ऑफरचं पान आलं, पण टीक आधीच निघालेली होती! मग नियम परत चालू केले. नोटपॅडनं फाइलीतल्या ओळी खोडत बसू नका, मूळ सेटिंग तसंच राहतं.

गच्चीवरचा
दुरुस्ती बरोबर, निष्कर्ष चुकीचा. जाहिरातीचा सर्व्हर सापडला नाही म्हणून जे अडून बसतं, ते सॉफ्टवेअर बाबांच्या लॅपटॉपवर हवंच कशाला? पट्टी थांबली तीच खरी सूचना होती, आणि तुम्ही तिच्यासाठी दार उघडून दिलंत. मूळ निर्मात्याच्या साइटवरून घ्या, असल्या राखणदाराची गरजच पडत नाही.

निळी शाई
कन्व्हर्टरचं पटलं, तो आज काढते. पण 'मूळ साइट' म्हटलं की निर्धास्त, हे पटत नाही. जावा हे सॉफ्टवेअर ओरॅकल या त्याच्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचो, तरी आस्क टूलबारची टीक आधीपासून केलेली असायची. सोर्सफोर्ज ही साइट तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं माहेरघर. २०१५ मध्ये तिथं गिंप या चित्रं संपादायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरलाच ऑफर चिकटवल्या. पुढच्या वर्षी मालक बदलले तेव्हा तो प्रकार थांबला.

तांबडा रस्सा
ही सगळी दहा वर्षांपूर्वीची दुखणी झाली. विंडोज १० मध्ये ऑगस्ट २०२१ पासून डिफेंडर हा विंडोजचाच अँटिव्हायरस नको असलेली सॉफ्टवेअरं आपणहून अडवतो. नेहमीच्या सॉफ्टवेअरसाठी नाइनाइट ही साइट आहे, टूलबारला नकार देऊनच इन्स्टॉल करतं. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. होस्ट्स फाइलीला हात लावणारी, कायम चालू राहणारी सर्व्हिस घरात ठेवायची म्हणजे किल्ल्या तिसऱ्याच्या हातात देणं. तिचे नियम शिळे झाले तर नव्या ऑफर सुटतात आणि आपण मात्र पहारा आहे म्हणून बेसावध.

निळी शाई
बेसावधपणाची भीती खरी आहे, मान्य. पण बाबांच्या शेजारी एकदा बसून बघा. त्यांचं इंग्रजी वाचन बेताचं, इन्स्टॉलर इंग्रजीत. 'रेकमेंडेड'चं बटण ठळक. 'कस्टम' इतकं फिकट की ते बंदच आहे असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठी ती टीक कोणीतरी काढायलाच हवी, आणि मी दर वेळी तिथं नसते. डिफेंडर ज्याला घातक किंवा नको असलेलं ठरवेल तेच अडवतो. नामांकित कंपनीचा जास्तीचा अँटिव्हायरस आत आला तर त्याला काही वावगं वाटत नाही.

गच्चीवरचा
मग बाबांचं खातं साधं करा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. बहुतेक इन्स्टॉलर पासवर्ड मागतील, बाबा फोन करतील. माझ्या आईचं असंच चालतं.

निळी शाई
वयाच्या सत्तरीत माणसानं स्वतःच्या लॅपटॉपसाठी मुलीची परवानगी मागायची? ते मी करणार नाही. हवं तर डिफेंडरचं सेटिंग तपासते आणि नाइनाइटही दाखवते. पण अनचेकी राहील.