आधी कार्ड मिटवा
पगार अडकला तर हॉटेल आणि ओटीटी बंद करा, असा सल्ला मिळतो, तो ठीक. पण अशा वेळी खरा फास बसतो क्रेडिट कार्डाचा. बिलावर 'किमान देय रक्कम' असते, बहुतेकदा ५ टक्क्यांच्या आसपास. ती भरून दंड टळतो, व्याज नाही. ते महिन्याला ३ ते ३.५ टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. शिवाय बिनव्याजी मुदत जाते, म्हणजे आज कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही आजपासून व्याजाचं मीटर चालू! घरात दागिने पडून असतील तर राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण करून कार्ड मिटवा, व्याज बरंच कमी पडतं. (सासूबाईंची समजूत तुमची तुम्ही काढा.) फक्त परतफेड थकली तर दागिने लिलावात जातात. सोनं नसेल तर कार्डाच्या बँकेकडे थकबाकीचे हप्ते बांधून मागा.