बेस गिटारसाठी घरी ट्यूब प्रीअँप बनवायचाय, कोल्हापुरात सुरुवात कुठून करू?

चारतारी

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत राहतो, बेस वाजवतो. चार तारांचा साधा पॅसिव्ह बेस आहे. गणपती-नवरात्रात कार्यक्रम असतात, तेव्हा थेट मिक्सरला वायर लावतो आणि आवाज कोरडा, चपटा येतो. मागे मित्राच्या ट्यूब अँपवर हाच बेस वाजवला. खालच्या ई तारेला जो भरीवपणा आला तो अजून कानात आहे. तयार प्रीअँपच्या (मिक्सरच्या आधी बेसचा आवाज वाढवणाऱ्या डब्याच्या) किमती झेपत नाहीत.

व्हेरोबोर्डवर 9 व्होल्टची दोन फझ पेडलं बनवलीत, सोल्डरिंग बरं जमतं, मल्टीमीटर आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब, कुठला घेऊ? ट्रान्सफॉर्मरचं काय? आणि 250 व्होल्टला हात घालावा का? गिटारची सर्किटं ढिगानं सापडतात, बेसची फार कमी.

जुना व्हॉल्व्ह

शेवटच्या प्रश्नाचं आधी बोलतो. हात घाल, पण 9 व्होल्टची सवय विसरून. इथे सप्लाय बंद केला तरी कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट बसून राहतात. मी एकदा प्लग काढला, चहा घेऊन आलो आणि डब्यात बोट घातलं. हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. त्या सर्किटला कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्सच लावला नव्हता मी. त्यामुळे प्लग काढायचा, दोन मिनिटं थांबायचं, मीटरनं व्होल्टेज बघायचं, मगच हात. आणि चालू डब्यात मोजताना डावा हात खिशात.

व्हॉल्व्ह 12AX7 घे, त्यालाच ECC83 म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल हाताळणारे दोन वेगळे भाग, असतात. पहिला आवाज वाढवायला, दुसरा कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे आवाज न वाढवता पुढच्या वायरला दम देणारा. तो फॉलोअर टाळू नकोस. पहिल्या ट्रायोडचा आउटपुट इंपिडन्स चाळीसेक किलोओहम असतो, त्यावर लांब वायर आणि 10 किलोओहमचा मिक्सर लावलास तर जीव जातो आवाजाचा. फॉलोअरनंतर तो हजार ओहमच्या आत येतो.

ट्रान्सफॉर्मर खास बनवून घ्यायची गरज नाही. 230 ते 12 व्होल्टचे साधे दोन घे. पहिला सरळ, दुसरा उलटा. मधल्या 12 व्होल्टवर हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, चालतो (पिन 4 आणि 5, फक्त 150 मिलिअँपिअर), आणि दुसऱ्याच्या तोंडाला दोनशेच्या आसपास एसी मिळतं. ब्रिज आणि फिल्टरनंतर अडीचशेच्या वर डीसी. कंडेन्सर 400 व्होल्टचेच लाव. ट्रान्सफॉर्मर वाचवायला मेनमधून थेट डायोड लावायची आयडिया कुणी देईल. ती ऐकू नकोस, डब्यावर सरळ फेज येऊ शकतो.

स्टुडिओच्या मागे

वरचं सगळं बरोबर. बेसच्या व्हॅल्यूंचं सांगतो, कारण गिटारचं सर्किट जसंच्या तसं उचलून लोक इथेच फसतात. तुमची खालची ई तार 41 हर्ट्झ आहे, पाच तारांच्या बेसची बी तर 31. काही गिटार अँपमध्ये कॅथोडला (व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला) 0.68 मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर असतो. त्यानं शेकडो हर्ट्झच्या खालचा भाग कमी होतो, गिटार स्वच्छ वाटते आणि बेस पोकळ. तिथे 22 मायक्रोफॅरॅड लावा.

आता रेझिस्टन्स (के म्हणजे किलोओहम, मेग म्हणजे मेगाओहम): प्लेटला, जिथून सिग्नल बाहेर येतो, 100 के, कॅथोडला 1.5 के, ग्रिडला, जिथे सिग्नल आत जातो, 1 मेग आणि जॅकपासून ग्रिडपर्यंत 68 के. या चार आकड्यांवर कित्येक अँप उभे आहेत. फॉलोअरचा ग्रिड थेट पहिल्या प्लेटला जोडा, त्याच्या कॅथोडखाली 100 के. आउटपुटला 2.2 मायक्रोफॅरॅडचा 400 व्होल्टचा फिल्म कंडेन्सर आणि त्यानंतर 25 के चा लॉग पॉट, म्हणजे आवाजाची नॉब. पॉट हवाच, कारण पहिला ट्रायोड साठेक पट वाढवतो. मिक्सर भरून जाईल.

ट्रेबल-बास-मिडलची नॉबं पहिल्या डब्यात नकोत. त्या सर्किटमध्ये सिग्नल बराच पडतो, तो भरून काढायला आणखी एक ट्रायोड लागतो. मिक्सरवर टोन आहेच.

उद्यमनगर

भावा, पत्र्याचं टेन्शन घेऊ नको. शिवाजी उद्यमनगरात 16 गेजचा अॅल्युमिनियम पत्रा कुणीही वाकवून देतंय. फक्त व्हॉल्व्हचा सॉकेट आधी हातात घे, व्हर्नियरनं मोज, मगच भोक पाड. मी चित्र बघून पाडलं, दोन मिलिमीटर मोठं झालं, सगळा पत्रा वाया. अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून अर्थला बोल्ट, दातेरी वॉशर आणि टॅग लाव, रंग खरवडून.

डायोड, रेझिस्टन्स, ट्रान्सफॉर्मर आपल्याकडं दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. व्हॉल्व्ह आणि त्याच्या सॉकेटसाठी पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कुणी ओळखीचं जाणार असंल तर यादी लिहून दे, तोंडी सांगू नको.

आणि घरातलं अर्थिंग तपास. फेज ते अर्थ 230 च्या आसपास यायला पाहिजे. आमच्या जुन्या घरात तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती.

चारतारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्यानं लिहितोय. डबा चालू झाला! पहिल्यांदा व्हॉल्व्ह केशरी झाला तेव्हा आईला हाक मारून दाखवला. आवाज हवा होता तसाच आहे, जोरात मारलं की कडेला थोडा खरखरीत होतो आणि हळू वाजवलं की गोल.

पण मागे गूं चालूच आहे, आणि ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवर तो सूर फुगतो-बसतो, फुगतो-बसतो. दुसऱ्या सुरांना असं होत नाही.

जुना व्हॉल्व्ह

अभिनंदन! तिसऱ्या पट्टीवरचा जी म्हणजे 49 हर्ट्झ, आणि आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला एकदा लाट येते. म्हणजे तुझा गूं, त्यालाच हम म्हणतात, 50 चा आहे. फिल्टर कमी पडला असता तर ब्रिजनंतर 100 चा हम आला असता, मोकळ्या जी तारेजवळचा. त्यामुळे फिल्टरला हात लावू नकोस.

आता बेस गिटारची वायर काढून बघ. तरी आला तर हीटर. त्याच्या दोन्ही तारांना घट्ट पीळ दे, पत्र्याच्या कोपऱ्यातून ने, ग्रिडपासून लांब. शिवाय सप्लायपासून अर्थला 220 के आणि 47 के एकामागे एक लाव आणि मधला बिंदू पिन 9 ला जोड. हीटर पंचेचाळीसेक व्होल्ट वर उचलला जातो, हम कमी होतो, फॉलोअरच्या उंच कॅथोडलाही बरं, आणि कंडेन्सर रिकामे करायचं कामही तेच दोन रेझिस्टन्स करतात.

मिक्सर जोडल्यावरच येत असेल तर अर्थ दोन वाटांनी फिरतोय. अर्थची पिन मात्र कापू नकोस. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (डबा आणि मिक्सरमध्ये जोडायची छोटी पेटी) टाक आणि त्याचं लिफ्टचं, म्हणजे सिग्नल वायरचा अर्थ तोडणारं, बटण दाब.

चारतारी

हीटरच निघाला. तारा ग्रिडच्या शेजारून सरळ गेल्या होत्या. पीळ दिला, पिन 9 ला जोडलं, आता कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही. तिसऱ्या पट्टीवरचा जी पंधरा मिनिटं नुसता धरून बसलो होतो. रविवारी तालमीला नेतोय.