'नाइट वॉच'च्या कापलेल्या कडा परत लावाव्यात का?

अ‍ॅमस्टेलकाठी

२०२१ च्या जुलैत अ‍ॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' हे चित्र पाहिलं, तेव्हा त्याच्या चारही बाजूंना छापील कॅनव्हासच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या काढल्या. त्या काढायला नको होत्या असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना मागची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे चित्र १६४२ चं. शहराच्या बंदूकधारी नागरी पथकाच्या सभागृहासाठी काढलेलं. कॅप्टन फ्रान्स बानिंक कॉक आणि त्याची माणसं. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवलं (डाम चौकातली ती इमारत आज राजवाडा आहे). तिथे दोन दारांमधल्या भिंतीवर ते मावेना, तेव्हा चित्रच कापलं. डावीकडून सुमारे ६० सेंटिमीटर, वरून २२, खालून १२, उजवीकडून ७. ते तुकडे आजवर कुणाला सापडलेले नाहीत. डाव्या पट्टीबरोबर दोन पुरुष आणि एक लहान मूल गेलं. ते तिथे होते हे आपल्याला कळतं ते खेरिट लुंडेन्स या चित्रकारामुळे. त्याने चित्र कापलं जाण्याच्या कितीतरी आधी त्याची छोटी प्रत काढून ठेवली होती.

नुकसान किती झालं ते सेंटिमीटरवरून कळत नाही, समोर उभं राहिलं की कळतं. आज काळ्या कपड्यांतला कॅप्टन आणि पिवळ्या पोशाखातला लेफ्टनंट जवळजवळ मधोमध उभे दिसतात, फोटोसाठी उभे राहावेत तसे. पट्ट्या लावल्या आणि दोघे उजवीकडे सरकले. त्यांच्यापुढे, डाव्या हाताला, चालायला जागा झाली. कॅप्टनने हात पुढे केलाय, पथक निघालंय, आणि ते कुठे निघालंय हे पहिल्यांदा दिसलं. डाव्या कोपऱ्यात बारुदाचं शिंग घेऊन पळणारा मुलगा आहे ना, तो आज चौकटीवर आदळल्यासारखा वाटतो. तेव्हा त्याच्यापुढे मोकळी जागा होती.

मी तासभर तिथून हललो नाही. आता जेव्हा जेव्हा जातो तेव्हा आधी डावी कड बघतो, आणि जीव तुटतो.

खडूफळा

लेख मनापासून लिहिलाय, पण अजिबात सहमत नाही.

त्या पट्ट्या रेम्ब्रांटच्या नाहीत. कॉम्प्युटरला आधी मूळ चित्र आणि लुंडेन्सची प्रत शेजारी ठेवून रेम्ब्रांटचा रंग, त्याचा हात शिकवला, मग लुंडेन्सच्या कडा त्या शैलीत रंगवून घेतल्या. लुंडेन्सची प्रत केवढी? लाकडी फळीवरची, एक मीटरसुद्धा रुंद नाही. मूळ चित्र आज कापलेल्या अवस्थेतही साडेचार मीटर रुंद आहे. एवढ्याशा प्रतीतली नखाएवढी तोंडं मोठी करून आपण म्हणणार की हे रेम्ब्रांटने काढलेले चेहरे? तो चेहरा रंगवताना रेम्ब्रांट कुठे थांबला असता, कुठे रंग जाड ठेवला असता, हे लुंडेन्सलाही ठाऊक नव्हतं.

तीन महिने दाखवलं ते ठीक. कायमचं लावलं तर पुढच्या पिढीच्या डोळ्यांत तोच रेम्ब्रांट बसेल. आणि १७१५ ची कात्री हाही त्या चित्राच्या आयुष्याचा भाग झाला आता. महायुद्धात ते गुंडाळून मास्ट्रिख्टजवळच्या गुहेत ठेवलं होतं, १९७५ मध्ये एकाने पाव कापायच्या सुरीने त्यावर वार केले, १९९० मध्ये आम्ल फेकलं. एवढं सोसून जे समोर उभं आहे, ते तसंच बघावं.

अ‍ॅमस्टेलकाठी

@खडूफळा, १९७५ चे वार तर बुजवले ना? तेव्हा कुणी म्हणालं नाही की हाही इतिहास आहे, फाटलेलं तसंच टांगा. मग सुरीची जखम भरायची आणि कात्रीची नाही, हे कसं?

सुईदोरा

याचं उत्तर मी देते. आमच्या घरी रफूचं काम चालायचं, म्हणून हा फरक मला लहानपणापासून माहीत आहे. रफू करणारा त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो आणि त्या धाग्याने भोक विणतो. १९७५ ला तसं झालं. कॅनव्हास फाटला होता, पण होता. धाग्याला धागा जुळवता आला. आणि नीट जवळून पाहिलं तर तो सांधा अजून ओळखू येतो म्हणतात.

कापडच हरवलं असेल तर रफू होत नाही, ठिगळ लागतं. ठिगळ वाईट असं मी म्हणत नाही. पण ठिगळ हे ठिगळच दिसलं पाहिजे, आणि त्या पट्ट्या इतक्या बेमालूम होत्या की फोटोत मला जोड शोधावा लागला. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

लेणीवाट

थोडं घराजवळचं उदाहरण देतो. अजिंठ्याच्या चित्रांचे रंग सुटत होते म्हणून निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले. त्यांनी पापुद्रे चिकटवले, आणि वरून लाखेचं व्हार्निश दिलं. हेतू शंभर टक्के चांगला, माणसं आपल्या कामात निष्णात. काही वर्षांत तेच व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते उतरवायला पुढच्यांना जन्म घालवावा लागला. मी औरंगाबादचा. शाळेपासून ती चित्रं काळपट तपकिरीच पाहिली आणि ती मुळात तशीच असणार असं धरून चाललो. खालचा मूळ रंग पहिल्यांदा एका साफ केलेल्या तुकड्यात दिसला तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं.

'नाइट वॉच'चंही तेच. ते रात्रीचं चित्र नाहीच मुळी. कॅप्टनच्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडलीय, स्वच्छ ऊन आहे. व्हार्निश आणि धुराने काळं पडलं म्हणून दीडशेएक वर्षांनी लोकांनी त्याला रात्र म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलं. म्हणून म्हणतो, आपल्या पिढीने चित्राला जेवढा कमी हात लावावा तेवढा बरा.

अ‍ॅमस्टेलकाठी

@लेणीवाट, अजिंठ्याचं दुःख समजतं. पण एक मोठा फरक आहे. व्हार्निश चित्रावर चढलं होतं. या पट्ट्या मूळ कॅनव्हासला टेकल्यासुद्धा नव्हत्या, वेगळ्या आधारावर होत्या. उद्या चूक वाटली तर एका रात्रीत काढता येतात. काढल्याच की! रेम्ब्रांटच्या एका ठिपक्यालाही धक्का लागला नाही. चित्राला हात न लावता त्याला मोकळं करता येत असेल तर का करू नये?

@सुईदोरा, जोड दिसला पाहिजे हे मान्य.

चौथातास

मी चित्रकला शिक्षिका, जिल्हा परिषदेच्या शाळेत. धागाकर्त्याच्या बाजूने माझं एक मत.

सातवीला दोन्ही चित्रं प्रोजेक्टरवर दाखवली, आधी कापलेलं, मग पट्ट्या लावलेलं. कुठलं मूळ, कुठलं नाही, काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, ही माणसं कुठल्या दिशेला चाललीत? पहिल्या चित्राला अर्धा वर्ग म्हणाला, 'चालली नाहीत, उभी आहेत.' एकीने तर कमरेला कोंबडी लटकवलेल्या सोनेरी कपड्यांतल्या मुलीकडे बोट दाखवलं, 'सगळे हिच्याकडे बघायला थांबलेत' म्हणाली. (त्या कोंबडीचे पंजे म्हणजे पथकाची खूण, ते नंतर सांगितलं.) दुसऱ्या चित्राला सगळ्यांचे हात डावीकडे गेले.

मुलांना चेहरे लुंडेन्सचे की कुणाचे याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना चाल दिसली. आणि पथकाची चित्रं तेव्हा रांगेत बसवलेल्या माणसांचीच काढत, त्यांना चालायला लावलं हेच तर रेम्ब्रांटचं मोठेपण.

निळीशाई

चर्चेत दोन चित्रं राहिली, त्यांच्याशिवाय ती पुरी होणार नाही.

पहिलं रेम्ब्रांटचंच. त्याच अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनासाठी त्याने १६६१-६२ मध्ये 'क्लॉडियस सिव्हिलिसचा कट' रंगवलं, प्रचंड मोठं. ते परत आलं आणि कापलं गेलं, बहुधा त्याच्याच हातून. उरलेला मधला भाग स्टॉकहोममध्ये आहे. पूर्ण रचना कशी होती त्याचं रेम्ब्रांटने स्वतः केलेलं रेखाटन म्युनिकला आहे, म्हणजे पुरावा लुंडेन्सपेक्षा थेट. तरी त्याच्याभोवती कुणी पट्ट्या लावायला निघालेलं नाही, आणि ते चित्र अपुरं वाटत नाही.

दुसरं फ्रेंच चित्रकार माने (Manet) याचं, 'मॅक्सिमिलियनला मृत्युदंड', लंडनच्या नॅशनल गॅलरीत. मॅक्सिमिलियन म्हणजे मेक्सिकोचा सम्राट. मानेच्या मृत्यूनंतर त्याचे तुकडे वेगवेगळे विकले गेले. चित्रकार देगाने ते शोधून शोधून विकत घेतले, एकत्र आणले. १९९२ मध्ये गॅलरीने ते तुकडे एका मोठ्या कॅनव्हासवर आपापल्या जागी बसवले आणि मधली जागा कोरी सोडली. कोरी म्हणजे कोरी. ज्याच्यावर गोळ्या झाडताहेत तो सम्राटच चित्रात नाही, शेजारच्या सेनानीने धरलेला त्याचा हात तेवढा उरलाय. मी त्यासमोर उभी होते. त्या रिकाम्या कापडावर कुणी चेहरा काढला असता तर मी तो हात पाहिलाच नसता.

मला वाटतं 'नाइट वॉच'लाही हेच करावं. पूर्ण मापाची चौकट, आणि गेलेल्या भागात काही नाही.

खडूफळा

@निळीशाई, हे मला चालेल. खोटं काही नाही, आणि कॅप्टन उजवीकडे सरकेल.

@चौथातास, मुलांचा प्रयोग आवडला. माझ्या युक्तिवादात तेवढी जागा कच्ची होती, कबूल करतो.

अ‍ॅमस्टेलकाठी

मानेचं ते चित्र मी पाहिलेलं नाही. वाचून दोन दिवस विचार करत होतो.

चेहऱ्यांचा आग्रह सोडतो. ते दोघे कोण होते, कसे दिसत होते, हे गेलं ते गेलं. पण जागेचा आग्रह सोडत नाही. ६० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ माझा खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात, घरी भिंतीला लावून मोजला. तेवढं साधं तपकिरी कापड डावीकडे ताणून लावलं तरी तो पळणारा मुलगा सुटेल.

सध्या तसंही चित्र काचेच्या खोलीत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जुनं व्हार्निश उतरवायचं काम लोकांसमोर चालू आहे, बोटभर बोटभर. ते संपून चित्र पुन्हा भिंतीवर चढेल तेव्हा हा प्रश्न परत येईलच.

सुईदोरा

कोरं कापड लावलंत तर तिथे दोन माणसं आणि एक मूल होतं हे बघणाऱ्याला कसं कळणार?

अ‍ॅमस्टेलकाठी

लुंडेन्सची प्रत शेजारी टांगायची. ती लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या मालकीची आहे, पण रायक्सम्युझियमकडे उसनी असतेच. जिला ते मूल बघायचंय ती चार पावलं चालून तिथे जाईल.