माजावरच्या चितळाजवळ पायी कसं जायचं? (नागभीड भाग)

कॅमेरावाला_नागपूर
एप्रिलात मामाकडे जातो, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात. घरामागेच जंगल. पहाटे चितळाच्या नरांचं ओरडणं अंथरुणात ऐकू येतं, पण आवाजाच्या रोखानं गेलो की कळप गायब. स्कॉटलंडच्या रेड डिअरचे व्हिडिओ पाहून वाकून, रांगत जायचंही करून बघितलं. कपडे मातकट, लेन्स ३०० एमएम. फक्त फोटो पाहिजे. कसं जमवायचं?

बोडीकाठ
भाऊ, सगळ्यात पहिले ते रांगणं बंद करा. स्कॉटलंडात वाघ नाही. आपल्याकडे मोहफुलाच्या दिवसांत माणसं वाघाला सापडतात ती खाली वाकून फुलं वेचताना. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो, वाकलेल्याचं काही सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्हाला हेरून कळप पळवतो तो ओरडणारा नर नव्हे. त्याचं ध्यान माद्यांकडे. मान लांबवून ओरडतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून डहाळीला तोंड घासतो, तेव्हा त्याला कशाचंच भान नसतं. हेरते कळपातली एखादी म्हातारी मादी. मान ताठ करते, कान तुमच्याकडे, आणि पुढचा एक पाय जमिनीवर आपटते. पाय आपटला की आहे तिथंच थांबा, कॅमेरासुद्धा उचलू नका. कधी कधी ती पुन्हा चरायला लागते. पण एकदा का ‘क्यँव’ झालं, की घरी जाऊन चहा प्या. माजाची हाक लांब आणि घोगरी असते, धोक्याची तोकडी अन् टोकदार. गल्लत होत नाही.

मातकट कपड्यांनी अर्धंच काम होतं, खरा घोळ वाऱ्याचा. पहाटे गार हवा नाल्यानं खाली उतरते, ऊन चढलं की उलटी फिरते. चुलीतली राख फडक्यात बांधून न्या. झटकली की वारा दिसतो.

आणि खरं सांगू का, एप्रिलात सागाचा पाला पापडासारखा वाजतो, चालत जाऊन गाठायचा नादच सोडा. मोहफुलं खायला चितळं झाडाखाली येतातच. वर वानरं असली तर आणखी बरं, त्यांनी पाडलेलंही खातात. गावालगतच्या बांधीत (धानाच्या शेतात) लाखोळीची डाळ निघाल्यावर जागलीचं मचाण रिकामं पडलेलं असतं. मालकाला विचारून, फटफटल्यावर तिथं बसा. वारा झाडाकडून तुमच्याकडे यायला पाहिजे. मात्र ज्या झाडाखाली कोणी वेचायला येतं ते सोडा, त्यांचा रोज बुडतो.

सागपान
घोडाझरी अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय ठेवू नका. बाहेरच्या जंगलातही त्या बीटाच्या (वनखात्याच्या भागाच्या) वनरक्षकाला सांगून आणि गावातलं माणूस सोबत घेऊनच. गळालेलं शिंग दिसलं तर उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सरकारचं, बाळगलं तर गुन्हा.

कॅमेरावाला_नागपूर
मचाण मामाच्याच शेजाऱ्याचं आहे! पण मामा म्हणतात चितळ थंडीतही ओरडतं. मग एप्रिलच का?

बोडीकाठ
मामा बरोबर आहेत. रेड डिअरचा माज सप्टेंबर-ऑक्टोबरात ठरलेला, चितळाचं तसं नाही. एकाच कळपात एकाची शिंगं कडक, म्हणजे तो माजावर, दुसऱ्याची अजून लवेखाली (मऊ केसाळ कातडीत). जोर मात्र उन्हाळ्यात. थंडीत ठरलेला माज असतो तो सांबराचा. मचाणावरून बघताना लववाल्या नरावर वेळ घालवू नका. कडक, घासून टोकं पांढरी झालेली शिंगं ज्याची, त्याच्यावर लेन्स धरून बसा. आणि मामाला सोबत न्या, एकटे जाऊ नका.